पानातली परकी चौकट

2003-04 च्या सुमाराचं एखादं वेबपान संग्रहातून काढून आज उघडलं, तर मजकूर बहुधा नीट दिसतो. अक्षरं असतात, चित्रं असतात, दुवेही कुठे कुठे चालतात. पानाच्या ऐन मध्यावर मात्र एक रिकामी चौकट असते. तिथे कधीकाळी काहीतरी हलत होतं, वाजत होतं. काही पानांवर त्या जागी एक सूचना उरलेली असते: हे पाहण्यासाठी अमुक प्लेअर हवा, तो इथून उतरवून घ्या. त्या दुव्यावर क्लिक केलं की हाती काही लागत नाही. तो प्लेअर आता बनवणारेच देत नाहीत आणि कुठून मिळवला तरी आजचा ब्राउझर त्याला उंबऱ्याच्या आत घेत नाही.

ही चौकट कशी आली आणि कशी ओस पडली हे सांगायचं तर दोन प्रश्नांच्या मागे जावं लागतं. ब्राउझरला स्वतःला न येणारी गोष्ट वेबपानात बसवायची कशी, हा पहिला. ती चालवणारा प्रोग्रॅम वाचकाच्या संगणकावर आहे की नाही हे पानाला आधीच कळावं कसं, हा दुसरा. मी त्या काळात पुण्यात छोट्या संस्थांची संकेतस्थळं बनवत असे. दुसऱ्या प्रश्नापायी माझे कितीतरी रविवार गेले. पहिल्याचं उत्तर पुस्तकांत सापडे. दुसऱ्याचं उत्तर आम्ही बहुतेक जण दुसऱ्या कुणाच्या पानाचा स्रोत उघडून, तिथला तुकडा उचलून मिळवत होतो.

1995 पर्यंत ब्राउझरला मजकूर आणि एकदोन प्रकारची चित्रं एवढंच दाखवता येई. बाकी कुठलीही फाईल आली की तो ती दुसऱ्या प्रोग्रॅमच्या हवाली करी आणि तो प्रोग्रॅम आपली वेगळी खिडकी उघडे. ॲडोबीला आपल्या पीडीएफ फाईली ब्राउझरच्याच खिडकीत दिसायला हव्या होत्या. अशा गरजेतून नेटस्केप नॅव्हिगेटरच्या 2.0 या आवृत्तीत प्लगइनची सोय आली. व्यवहार साधा होता. पानात एक आयत आखायचा, त्या आयतात चित्र काढण्याचा हक्क प्लगइनला द्यायचा आणि सर्व्हरकडून येणारी फाईल जशीच्या तशी त्याच्याकडे सोडायची. कोणत्या प्लगइनला हाक मारायची हे फाईलसोबत येणाऱ्या तिच्या प्रकाराच्या खुणेवरून, म्हणजे माइम प्रकारावरून, ठरे: पीडीएफचा प्रकार एक, क्विकटाइमचा दुसरा, फ्लॅशचा तिसरा. प्लगइन हा संगणकाच्या स्वतःच्या भाषेतला पूर्ण प्रोग्रॅम असे आणि ब्राउझरच्याच पोटात चाले. ब्राउझरला ज्या ज्या गोष्टींची मुभा, त्या सगळ्यांची त्यालाही. वीस वर्षांनी प्लगइन ज्या कारणाने गेली ते कारण या पहिल्याच व्यवहारात होतं.

पानात ती बसवण्यासाठी नेटस्केपने ‘एम्बेड’ हा टॅग काढला. फाईलचा पत्ता, रुंदी, उंची आणि प्लगइन नसेल तर ते कुठे मिळेल त्या पानाचा पत्ता, एवढं लिहिलं की काम झालं. त्यात मनाला येईल तो गुणधर्म लिहावा, ब्राउझर तो न वाचता प्लगइनकडे पोचवत असे. ही ढिलाई वापरणाऱ्यांना फार सोयीची होती आणि मानक लिहिणाऱ्यांना फार खुपणारी. मायक्रोसॉफ्टने 1996 मध्ये इंटरनेट एक्सप्लोररची 3 री आवृत्ती आणली ती स्वतःच्या ॲक्टिव्हएक्स या पद्धतीसह. तिथे ‘ऑब्जेक्ट’ हा टॅग होता, आणि कोणता प्रोग्रॅम हवा हे माइम प्रकारावरून न सांगता सोळा-आधारी पद्धतीतल्या 32 अंकांच्या वर्गक्रमांकावरून सांगायचं होतं. वर्गक्रमांकाशेजारी प्रोग्रॅमचा पत्ता दिला की ब्राउझर वाचकाला विचारून तो स्वतःच उतरवून घेई. डिसेंबर 1997 मध्ये एचटीएमएल 4.0 चं मानक आलं. त्यात ‘ऑब्जेक्ट’ला जागा मिळाली, ‘एम्बेड’ला नाही.

‘ऑब्जेक्ट’ टॅगच्या व्याख्येत एक फार शहाणी तरतूद होती. ब्राउझरला ती वस्तू दाखवता आली नाही, तर त्याने उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या टॅगांमधलं जे काही असेल ते दाखवायचं. म्हणजे आत एक चित्र ठेवा, चित्राच्या आत चार ओळी ठेवा. ज्याला जे झेपेल ते त्याला दिसेल. कुणाकडे काय आहे हे विचारायचीच गरज नाही. मला आजही वाटतं की या सगळ्या विषयात यापेक्षा चांगली कल्पना कुणाला सुचली नाही. पण ती नीट वापरली गेली नाही. त्या आतल्या जागेत चित्र किंवा मजकूर ठेवण्याऐवजी सगळ्यांनी नेटस्केपसाठी ‘एम्बेड’ टॅग ठेवला. बाहेर ‘ऑब्जेक्ट’, आत ‘एम्बेड’, प्रत्येक मूल्य दोनदा लिहिलेलं. फ्लॅश बनवणारं साधन फाईलसोबत हाच दुहेरी तुकडा तयार करून देत असे, आणि वर्षानुवर्षं तो जगभर चिकटवला गेला.

फ्लॅशचं नाव आता वारंवार येणार. 1996 मध्ये फ्युचरवेव्ह या छोट्या कंपनीने फ्युचरस्प्लॅश ॲनिमेटर नावाचं हलती चित्रं बनवण्याचं साधन आणलं होतं. मॅक्रोमीडियाने ती कंपनी घेतली, नाव फ्लॅश झालं. 2005 मध्ये मॅक्रोमीडियाच ॲडोबीकडे गेली. रिअलप्लेअर, क्विकटाइम, विंडोज मीडिया, जावा, पुढे 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टचं सिल्व्हरलाइट, अशी इतर मंडळीही होती. पण फ्लॅशची फाईल लहान असे, रेषा कितीही मोठ्या केल्या तरी फाटत नसत आणि 56 केच्या मोडेमवरही ती हळूहळू का होईना चालू होई. त्यामुळे ओळखण्याच्या बहुतेक युक्त्या फ्लॅशसाठीच रचल्या गेल्या.

नेटस्केपच्या 3 ऱ्या आवृत्तीत जावास्क्रिप्टला दोन याद्या मिळाल्या. एक ब्राउझरमध्ये बसवलेल्या प्लगइनांची, दुसरी त्यांना येणाऱ्या माइम प्रकारांची. पहिलीतल्या प्रत्येक नोंदीत प्लगइनचं नाव, फाईलचं नाव आणि एक वर्णन. फ्लॅशची नोंद ‘शॉकवेव्ह फ्लॅश’ या नावाने असे आणि आवृत्तीचा आकडा स्वतंत्र रकान्यात नसून वर्णनाच्या वाक्यात पुरलेला असे, म्हणजे ‘शॉकवेव्ह फ्लॅश 9.0 आर115’ अशा थाटात. स्क्रिप्टने ते वाक्य चिरून आकडा बाहेर काढायचा.

इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ही यादी नावाला होती, पण विंडोजवर ती कायम रिकामी. तिथे एकच मार्ग: त्या प्रोग्रॅमची एक वस्तू तयार करून पाहायची. झाली तर तो आहे, चूक आली तर नाही. पण त्या वेळच्या एक्सप्लोररच्या जावास्क्रिप्टला चूक झेलता येत नव्हती, ती थेट वाचकासमोर इशाऱ्याची खिडकी उघडे. म्हणून हे काम व्हीबीस्क्रिप्टकडे द्यावं लागलं, कारण त्या भाषेत ‘चूक झाली तरी पुढची ओळ घे’ असं सांगता येत असे. एकाच पानात दोन भाषा, त्यातली एक दुसऱ्या ब्राउझरला परकी. वस्तूच्या नावाला आवृत्तीचा आकडा जोडायचा आणि सर्वांत नव्यापासून उलट मोजत यायचं: 9 आहे का, 8 आहे का, 7 आहे का. पुढे नेमकी आवृत्ती विचारण्याचीही सोय आली. पण 6 व्या आवृत्तीच्या काही सुरुवातीच्या प्रती असा प्रश्न विचारताच ब्राउझरसकट कोसळत, म्हणून चांगल्या स्क्रिप्टमध्ये तेवढ्या आवृत्तीसाठी वेगळी पायवाट केलेली असे. वाचक काही बघायच्या आत त्याचा ब्राउझर बंद पडू नये यासाठी लिहिलेल्या त्या चारपाच ओळी मी पहिल्यांदा वाचल्या, तेव्हा हे लिहिणाऱ्याबद्दल मला मनापासून आदर वाटला होता.

अशा काळजीने लिहिलेल्या स्क्रिप्ट थोड्या होत्या. जास्त चलनात होते ते तीनचार ओळींचे तुकडे. त्यातला एक फारच पसरला. तो वर्णनाच्या वाक्यातलं टिंब शोधी आणि त्याच्या लगत आधीचा एक अंक उचली. 4.0 असेल तर 4, 7.0 असेल तर 7. ऑक्टोबर 2008 मध्ये फ्लॅश प्लेअरची 10 वी आवृत्ती आली आणि या तुकड्याला टिंबाआधी शून्य सापडलं. सर्वांत नवा प्लेअर बसवलेल्या माणसाला पान सांगू लागलं की तुझा प्लेअर फार जुना आहे, नवा उतरवून घे. त्याने तो पुन्हा उतरवला तरी पान तेच सांगणार.

त्यावर बोट दाखवणं सोपं आहे, पण दोष एका अंकापुरता नव्हता. स्क्रिप्ट विचारत होती ती नाव आणि क्रमांक. पानाला खरं हवं होतं ते वेगळंच: हा आवाज वाजेल का, हे चित्र हलेल का, या माणसाला ते आत्ता हवं आहे का. नावावरून क्षमतेचा अंदाज बांधला की जग पुढे सरकताच तो चुकतो. शिवाय प्रोग्रॅम असणं आणि चालणं यातही फरक होता. कुणी प्लगइन बंद करून ठेवलेलं असे, कुणाच्या कार्यालयात ते अडवलेलं असे. सायबर कॅफेत तर नवा प्रोग्रॅम बसवण्याची परवानगीच नसे. तासाला वीस-पंचवीस रुपये मोजून बसलेल्या मुलासमोर आमची पानं ‘आधी प्लेअर बसवा’ म्हणून अडून राहत. मी ते अशाच एका कॅफेत शेजारच्या खुर्चीवरून पाहिलं. परीक्षेची माहिती शोधणारी मुलगी त्या सूचनेवर तीनदा क्लिक करून उठून गेली. पान मी बनवलेलं नव्हतं, पण माझी पानंही त्याच वळणाची होती.

त्या वळणाचं नाव प्रवेशपान. पहिल्या पानावर फक्त तपासणी, प्लगइन सापडलं तर झगमगत्या पानाकडे रवानगी, नाहीतर ‘उतरवून घ्या’कडे. शोधयंत्रं प्लगइन बाळगत नाहीत, त्यामुळे त्यांना त्या संस्थेबद्दल ‘उतरवून घ्या’च्या सूचनेपलीकडे काही कळत नसे.

‘ऑब्जेक्ट’-‘एम्बेड’च्या त्या दुहेरी तुकड्याला पहिला विचारपूर्वक पर्याय नोव्हेंबर 2002 मध्ये ड्रू मॅक्लेलन यांनी ‘अ लिस्ट अपार्ट’ या वेब-नियतकालिकात मांडला. त्यांनी ‘एम्बेड’ काढून टाकला, वर्गक्रमांकही काढला आणि एकट्या ‘ऑब्जेक्ट’ टॅगमध्ये माइम प्रकार लिहून फ्लॅश चालवून दाखवलं. आतली जागा पुन्हा मोकळी झाली, तिथे चित्र किंवा मजकूर ठेवता येऊ लागला, आणि पान मानकाच्या कसोटीलाही उतरलं. अडचण एकच निघाली. एक्सप्लोरर अशा पानात फाईल पूर्ण उतरेपर्यंत काहीच दाखवत नसे. तोडगा असा, की आधी एक अगदी चिमुकली फ्लॅश फाईल चालवायची आणि तिने खरी फाईल आत ओढायची. ही युक्ती मी बरीच वर्षं वापरली.

मग अशी एक गोष्ट घडली की पानात वस्तू बसवण्याचा प्रश्न कोर्टात गेला. कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकल डॉइल आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये वेबपानाच्या आत बाहेरचा प्रोग्रॅम चालवण्याचं प्रात्यक्षिक केलं होतं. त्याच्या पेटंटचा अर्ज 1994 चा, मंजुरी नोव्हेंबर 1998 ची. क्रमांकाच्या शेवटच्या तीन अंकांवरून लोक त्याला ‘906’ म्हणतात. डॉइल यांच्या इओलास या कंपनीने 1999 मध्ये मायक्रोसॉफ्टवर दावा लावला आणि ऑगस्ट 2003 मध्ये ज्यूरीने सुमारे 52 कोटी डॉलर भरपाई ठरवली. वेबच्या दुनियेत घबराट पसरली, कारण हे पेटंट खरं मानलं तर चौकटीत काहीही चालवणारं प्रत्येक पान त्याच्या कक्षेत येत होतं. वेबचं मानक ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने त्याच वर्षी पेटंट कार्यालयाला फेरतपासणीची विनंती केली. पेई वेई या तरुण प्रोग्रॅमरने व्हायोला नावाच्या ब्राउझरमध्ये असंच काही आधी करून दाखवलं होतं, हा मुद्दा पुढची सगळी वर्षं गाजत राहिला.

भरपाईचा वाद चालू असतानाच मायक्रोसॉफ्टने 2006 च्या एप्रिलमध्ये एक्सप्लोररमध्ये बदल केला. पानातली प्लगइनची चौकट आपोआप जिवंत होईना. तिच्यावर माऊस नेला की ‘ही वस्तू चालू करण्यासाठी क्लिक करा’ अशी सूचना येई, एक क्लिक दिल्यावरच ती वापरता येई. पेटंटच्या शब्दांतून सुटण्यासाठी केलेली ही तजवीज होती. ऑपेरानेही तसंच केलं. जगातल्या असंख्य पानांवर एका रात्रीत एक वाढीव क्लिक येऊन बसला. पण तो चुकवण्याची वाट मायक्रोसॉफ्टनेच सांगून ठेवली होती: ‘ऑब्जेक्ट’ टॅग पानात थेट न लिहिता बाहेरच्या स्क्रिप्ट फाईलने तो पानात घातला, तर क्लिक लागणार नाही. तीच स्क्रिप्ट पानाच्या आत लिहिली तर मात्र लागेल. फरक तंत्राचा नव्हता, कायद्याच्या वाक्याचा होता.

तोवर स्क्रिप्टने चौकट बसवणं ही काहींची आवड होती, आता ती सगळ्यांची गरज झाली. जेफ स्टर्न्स यांची फ्लॅशऑब्जेक्ट ही छोटी स्क्रिप्ट आधीपासून होतीच, पुढे तिचं नाव एसडब्ल्यूएफऑब्जेक्ट झालं. बॉबी व्हॅन डर स्लुइस यांची यूएफओ नावाची दुसरी होती. दोघं आणि मायकल विल्यम्स एकत्र आले आणि 2007-08 मध्ये एसडब्ल्यूएफऑब्जेक्टची 2 री आवृत्ती तयार झाली. मला ती या सगळ्या खटाटोपातली सर्वांत समंजस कृती वाटते. तिची मांडणी अशी होती: वेबपान लिहिताना चौकटीच्या जागी आधी साधा मजकूर आणि चित्र ठेवा, तेच खरं पान. मग स्क्रिप्ट तपासेल. जावास्क्रिप्ट चालू आहे, प्लेअर आहे, हवी ती आवृत्ती आहे, असं सगळं जुळलं तरच ती तो मजकूर काढून त्या जागी फ्लॅश ठेवेल. कुठेही शंका आली की हात लावणार नाही. तपासणीत चूक झालीच तर वाचकाचं नुकसान एवढंच की त्याला हलतं चित्र दिसणार नाही. ज्यांना स्क्रिप्टवर विसंबायचं नव्हतं त्यांच्यासाठी पूर्ण टॅग पानातच लिहिण्याची दुसरी पद्धतही तिने दिली होती.

हेच शहाणपण अक्षरांच्या बाबतीत एसआयएफआर या स्क्रिप्टने दाखवलं. शॉन इनमन आणि माइक डेव्हिडसन यांनी ती 2004-05 च्या सुमारास घडवली. मथळा पानात साध्या अक्षरांतच लिहिलेला असे. प्लेअर असला तरच स्क्रिप्ट तो वाचून त्या जागी सुंदर टंकातला फ्लॅशचा मथळा बसवी. शोधयंत्राला आणि दृष्टिहीनांच्या वाचन-प्रोग्रॅमला मूळ मथळा तसाच मिळे. आम्हा मराठीत पानं करणाऱ्यांना हिचा मोह फार झाला, पण उपयोग झाला नाही. फाईलमध्ये घातलेल्या युनिकोड देवनागरी फॉन्टची जोडाक्षरं आणि वेलांट्या त्या वेळच्या फ्लॅशला जुळवता येत नसत. म्हणून बहुतेक जण देवनागरी शब्दाच्या बाह्यरेषाच काढून त्यांचं चित्र करत. शब्द दिसायचा, पण शोधता यायचा नाही, नक्कल करता यायचा नाही. मराठी संकेतस्थळांनी त्याआधी फॉन्टच्या बाबतीत हेच दुःख भोगलं होतं. प्रत्येकाचा आपला सांकेतिक फॉन्ट, एक्सप्लोररसाठी तो ईओटी या स्वरूपात पानासोबत पाठवायचा, आणि दुसऱ्या ब्राउझरवर बातमीच्या जागी रोमन अक्षरांचा खच. ‘फॉन्ट आहे का?’ आणि ‘प्लेअर आहे का?’ हे प्रश्न आमच्याकडे जोडीने आले. युनिकोडने पहिला मिटवला.

इओलासच्या खटल्याचा शेवट सांगून टाकतो. मायक्रोसॉफ्टने 2007 मध्ये तडजोड केली आणि एप्रिल 2008 मध्ये तो वाढीव क्लिक एक्सप्लोररमधून निघाला. पुढे इओलासने इतर अनेक कंपन्यांवर दावे लावले. फेब्रुवारी 2012 मध्ये टेक्सासमधल्या टायलर या गावी वेबचे जनक टिम बर्नर्स-ली साक्षीला उभे राहिले, आणि तिथल्या ज्यूरीने पेटंटचे दावे रद्दबातल ठरवले.

दरम्यान चौकटीच्या मूळ व्यवहारातले दोष वर येत होते. आयत प्लगइनच्या मालकीचा, म्हणून पानातला खाली उघडणारा मेनू त्याच्या मागे जाऊन लपे. त्यावर चौकट पारदर्शक करण्याचा एक गुणधर्म होता, पण तो लावला की वाचन-प्रोग्रॅमना आतलं काही वाचता येईना. प्लगइन ब्राउझरच्या पोटात चालत असल्यामुळे ते अडखळलं की सगळा ब्राउझर अडखळे. क्रोमने 2008 मध्ये आणि फायरफॉक्सने 2010 मध्ये त्याला वेगळ्या प्रक्रियेत हलवलं. तरी फ्लॅश आणि जावातल्या भगदाडांतून शिरणारे हल्ले थांबले नाहीत. 2012 मध्ये फ्लॅशबॅक नावाचा घातक प्रोग्रॅम जावातल्या एका भगदाडातून 6 लाखांहून अधिक मॅक संगणकांत शिरला.

ओळखण्याच्या यादीचाही एक दुसरा चेहरा 2010 मध्ये उघड झाला. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या पीटर एकर्सली यांनी 4,70,161 ब्राउझरांचे ठसे तपासले. त्यातले 83.6 टक्के एकमेवाद्वितीय निघाले, म्हणजे नाव-गाव न विचारताही ते वेगळे ओळखता येत होते. ज्यांच्याकडे फ्लॅश किंवा जावा होतं त्यांच्यात हे प्रमाण 94.2 टक्के. आणि तपासलेल्या खुणांपैकी सर्वांत जास्त ओळख पटवणारी खूण होती प्लगइनांची यादी. आम्ही वाचकाची सोय पाहण्यासाठी जी यादी वाचत होतो, तीच यादी वाचून दुसरं कुणी त्याच वाचकाच्या मागावर राहू शकत होतं. हा निष्कर्ष वाचल्यावर मला त्या यादीकडे पूर्वीसारखं पाहता आलं नाही. माझ्या पानांतून मी सगळ्या तपासण्या काढल्या नाहीत, पण गरज नसलेल्या काढल्या.

चित्रफितींनी निकाल लावला. 2005 मध्ये यूट्यूब फ्लॅशवरच उभं राहिलं होतं. पण 2007 च्या आयफोनमध्ये फ्लॅश नव्हतं, 2010 च्या आयपॅडमध्येही नव्हतं, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये ॲपलचे स्टीव्ह जॉब्ज यांनी ते का नाही याचं जाहीर पत्र लिहिलं. दुसरीकडे एचटीएमएल 5 मध्ये ब्राउझरनेच चित्रफीत दाखवण्याचा टॅग आला. त्यासोबत विचारण्याची रीतही बदलली. स्क्रिप्टने आता नाव विचारायचं नाही. ‘हा प्रकार तुला वाजवता येईल का?’ असं विचारायचं. ब्राउझर तीनपैकी एक उत्तर देतो: ‘बहुतेक’, ‘कदाचित’ किंवा रिकामं मौन. ‘हो’ असं उत्तर मानकात ठेवलेलंच नाही, कारण फाईल प्रत्यक्ष हातात आल्याशिवाय खात्री देता येत नाही. मला या उत्तराचा प्रामाणिकपणा फार आवडतो. मात्र एच.264 की वेबएम या चित्रफितींच्या स्वरूपांमधल्या भांडणामुळे अनेक वर्षं एकाच चित्रफितीच्या दोन-दोन प्रती ठेवाव्या लागल्या. टॅगमध्ये एकाखाली एक पत्ते लिहायचे आणि ब्राउझरने पहिला जमेल तो उचलायचा. यात ‘ऑब्जेक्ट’ टॅगची जुनी तरतूदच पुन्हा कामाला आली. जानेवारी 2015 मध्ये यूट्यूबने फ्लॅश सोडून या टॅगला पहिली पसंती दिली.

नंतरच्या तारखा भराभर येतात. क्रोमने एप्रिल 2015 मध्ये जुनी प्लगइन आपोआप चालणं बंद केलं आणि सप्टेंबरमध्ये ती पूर्ण काढली. फ्लॅशची त्याच्याकडे वेगळी व्यवस्था होती. फायरफॉक्सने मार्च 2017 मध्ये फ्लॅश सोडून बाकीची काढली. ॲडोबीने जुलै 2017 मध्ये शेवट जाहीर केला: 31 डिसेंबर 2020 नंतर फ्लॅश नाही. 12 जानेवारी 2021 पासून प्लेअरने स्वतःच फाईली चालवायला नकार दिला. दक्षिण आफ्रिकेच्या महसूल खात्याचे काही फॉर्म तेव्हाही फ्लॅशमध्ये होते. त्यांनी त्यासाठी आपला वेगळा ब्राउझर काढला. भारतात जावाच्या जाण्याची झळ जास्त बसली. डिजिटल स्वाक्षरी लावायच्या कितीतरी सरकारी पानांवर जावाची ॲपलेट होती, आणि ‘फक्त इंटरनेट एक्सप्लोरर, जावाची अमुकच आवृत्ती’ ही सूचना निविदा भरणाऱ्यांना आणि सनदी लेखापालांना पाठ होती. आता त्या जागी स्वाक्षरीचा वेगळा प्रोग्रॅम संगणकावर बसवतात आणि पानातली स्क्रिप्ट त्याच संगणकाच्या एका अंतर्गत दारावर टकटक करून तो चालू आहे का ते पाहते. ‘आहेस का?’ हा प्रश्न तिथे अजून विचारला जातो.

जावास्क्रिप्टला मिळालेली ती प्लगइनांची यादी मात्र आजही आहे. ती काढली तर जुन्या स्क्रिप्ट अडखळतील म्हणून एचटीएमएलच्या मानकाने ती गोठवून टाकली. ब्राउझर पीडीएफ दाखवत असेल तर यादीत पाच ठरलेली नावं असतात, सगळी पीडीएफ दाखवणाऱ्यांची. दाखवत नसेल तर यादी रिकामी. जगातल्या सगळ्यांची यादी या दोनांपैकी एक, त्यामुळे तिच्यावरून आता कुणाचा माग लागत नाही.

जुनी पानं वाचवण्याचं काम काही लोकांनी मनावर घेतलं आहे. फ्लॅशपॉइंट या प्रकल्पाने 1 लाखाहून अधिक खेळ जपले. रफल हा प्रोग्रॅम फ्लॅशच्या फाईली ब्राउझरमध्ये प्लगइनविना चालवतो, आणि इंटरनेट आर्काइव्हने नोव्हेंबर 2020 मध्ये तो आपल्या संग्रहाला लावला. रफल पानातले ‘ऑब्जेक्ट’ आणि ‘एम्बेड’ टॅग शोधून त्या जागी स्वतःला बसवतो. आणि जुन्या तपासण्यांना फसवण्यासाठी नव्हे, तर त्यांचं समाधान व्हावं म्हणून, तो यादीत एक नोंदही घालतो: ‘शॉकवेव्ह फ्लॅश 32.0 आर0’.

गेल्या वर्षी मी 2004 मध्ये केलेल्या एका वाचनालयाच्या पानाची प्रत जुन्या डिस्कवर सापडली. पहिल्या पानावर वाचनालयाच्या इमारतीची हलती चित्रं होती, मोठ्या हौसेने केलेली. मी त्या पानाला रफल जोडला आणि उघडलं. चित्रं आली नाहीत. स्रोत पाहिला तर तपासणीचा तोच तुकडा, टिंबाआधीचा एक अंक उचलणारा. 32.0 मधून त्याने 2 उचलला होता, त्याला हवे होते 6, म्हणून त्याने टॅग पानात घातलाच नव्हता, आणि टॅगच नाही म्हटल्यावर रफलला बसायला जागा नव्हती. त्या जागी होता तो ग्रंथपालबाईंनी तेव्हा हट्टाने ठेवायला लावलेला मजकूर. लोक आम्हाला वेळ विचारायलाच फोन करतात, म्हणाल्या होत्या, ती तरी सगळ्यांना दिसू द्या. सकाळी 8 ते 11, संध्याकाळी 5 ते 8, सोमवारी बंद.